एका नकाशावर तीन रेघा

शाळेच्या व्यायामशाळेत तीन क्लबांची तीन टेबलं होती आणि तिघांनाही खिडकीजवळचीच जागा हवी होती. रेडिओवाल्या माणसाला खिडकी म्हणजे जीव की प्राण, कारण अँटेनाची तार तिथूनच बाहेर जाते. चष्मेवाल्या बाईंनी तो वाद थोडा वेळ ऐकून घेतला. मग तिन्ही टेबलं ओढून त्यांनी खोलीच्या मधोमध एकाला एक चिकटवून लावली आणि म्हणाल्या, "आता खिडकी कुणालाच नाही. तारा लांबवा."

"तार लांबली की सिग्नल घटतो, बाई," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"घटू दे थोडा. भांडण त्याहून जास्त घटेल."

बेकरीवाल्या ताई खो खो हसल्या. त्यांचं हसू असं की पलीकडच्या वर्गातही कुणीतरी मान वर करून बघावं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी मुकाट्याने तार सोडायला घेतली.

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा रेडिओ. स्वतःचा सेट, स्वतःची अँटेना, सरकारी परवाना, आणि कधी न पाहिलेल्या माणसांशी तासन्‌तास बोलायची खोड. त्या भागात ही खोड असलेल्यांचे तीन क्लब होते. टेकडी क्लब डॉक्टरांचा, कालवा क्लब बेकरीवाल्या ताईंचा, आणि स्टेशन क्लब लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचा. हे गृहस्थ चष्मेवाल्या बाईंचे सख्खे धाकटे दीर, म्हणजे भावजी. तिन्ही क्लबांत विस्तव जात नव्हता. कुणी कुणाचं काही चोरलं नव्हतं की कुणाला मारलं नव्हतं, पण दर वर्षी स्पर्धा असत आणि स्पर्धेत एक जिंकतो, दोन हरतात. असं बरीच वर्षं चाललं की हरलेल्यांकडे सांगण्यासारख्या गोष्टी खूप साठतात.

विभागातल्या रेडिओवाल्यांचा प्रमुख निवडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांना भावजी नको होते, भावजींना डॉक्टर नको होते, आणि ताईंना दोघंही नको होते. बाई कुठल्याच क्लबात नव्हत्या. दुकानाच्या गच्चीवर एकच साधी अँटेना लावून त्या एकट्याच बोलत. म्हणून त्या झाल्या. "दीर-भावजय एका ताटात जेवतात, लक्षात ठेवा," असं डॉक्टर तेव्हा मोठ्याने म्हणाले होते. बाई म्हणाल्या होत्या, "जेवतो ना. आणि मीठ कमी पडलं तर तिथंच सांगतो."

आज त्यांच्या कारकिर्दीतलं पहिलं मोठं काम होतं. सगळ्या शाळांची मुलं मिळून टेकडी चढून उतरणार होती. टेकडीवर मोबाइल चालत नाही, म्हणून वाटेवर चार ठाणी आणि प्रत्येक ठाण्यावर रेडिओवाले. कालव्याच्या पुलावर ताईंची माणसं होती. चढाच्या वळणावर स्टेशन क्लबाची. अगदी माथ्यावर, पाण्याच्या टाकीशी, खुद्द भावजी आपली गाडी घेऊन बसले होते. माथ्यापलीकडे एक घळ आहे, तिथं डॉक्टरांचा कंपाउंडर. घळीतून शाळेपर्यंत सरळ ऐकू येत नाही, मध्ये अख्खी टेकडी आडवी येते. तेव्हा घळीतल्या माणसानं बोलायचं, टाकीवरच्या भावजींनी ते ऐकून पुढं सांगायचं, आणि शाळेतल्या कंट्रोलनं, म्हणजे बाईंनी, ते घ्यायचं, अशी सोय होती.

सगळ्यांनी एकाच चॅनेलवर बोलायचं ठरलं होतं. तो मुख्य चॅनेल. तो बिघडला तर दुसरा कुठला, यावर मात्र बैठक मोडली होती. प्रत्येक क्लबाचा स्वतःचा एक चॅनेल असतो. पर्यायी म्हणून आपलाच घ्या, असा तिघांचाही हट्ट. शेवटी बाई दमून म्हणाल्या होत्या, "बरं, ते नंतर बघू." आणि ते राहून गेलं ते राहूनच गेलं.

सकाळ छान गेली. मुलं पुलावरून गेली, वळणावरून गेली, टाकीपाशी पाणी प्यायली. टेबलाशी तिन्ही क्लबांचं एकेक माणूस आपापल्या क्लबाचा सेट घेऊन बसलं होतं. डॉक्टर स्वतः, ताई स्वतः, आणि स्टेशन क्लबाकडून भावजींची मुलगी. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. अक्षर कुणाचंही वाचू शकते, अशी तिची ख्याती. मुख्य चॅनेलचा सेट बाईंच्या पुढ्यात.

"कंट्रोल, टाकी बोलतेय," भावजींचा आवाज आला. "माथ्यावर धुकं येतंय. दगडखाणीची बाजू दिसेनाशी झाली. वहिनी, मुलांना खाणीच्या वाटेने पाठवू नका असं माझं मत. आल्या वाटेनं परत. ओव्हर."

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. घळीतून उतरायची वाट जुन्या दगडखाणीच्या अगदी काठाने जाते. ऊन असताना तिथं भीती नाही. धुक्यात तिथून मोठ्या माणसानंही जाऊ नये.

"बरोबर आहे भावजी. घळीला सांगा, सगळ्यांना थांबवा, माघारी टाकीकडे आणा. ओव्हर."

उत्तर आलं नाही. त्याऐवजी सेटमधून एक सलग घरघर सुरू झाली आणि तिच्यात मधूनमधून टिक, टिक, टिक. बाईंनी वाट बघितली. घरघर थांबेना. कुणाचं तरी बोलायचं बटण दाबलेलं राहिलं होतं. एकाचं बटण दाबलेलं असेल तर त्या चॅनेलवर बाकी कुणाचं काही पोचत नाही. अरुंद बोळात एकानं हातगाडी आडवी लावली की मागच्यांनी नुसतं उभं राहायचं, तसं.

"घळीला कळलं का?" ताईंनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "आणि न कळलं तर काय ठरलंय?"

काय ठरलंय ते डॉक्टरांनाच ठाऊक होतं, कारण तो नियम त्यांचा होता. निरोप आला नाही म्हणजे वाट मोकळी. खाऊ आटोपला की पुढं निघायचं. कंपाउंडर शब्दाचा पक्का, आणि घळीत आडोसा असल्यामुळं तिथं अजून लख्ख ऊन. त्याला थांबायचं कारणच दिसणार नव्हतं.

"त्याच्याकडे दुसरा सेट?"

"एकच आहे, मुख्य चॅनेलवर." डॉक्टरांचा चेहरा उतरला. मग तापला. "हे मुद्दाम केलंय. मागच्या फॉक्स हंटला असंच झालं होतं. आमच्या मुलांना खोटी दिशा ओरडून सांगितली कुणी? स्टेशन क्लबानं!"

"काका, ती स्पर्धा होती," पुतणी म्हणाली.

"आणि ही नाही?"

"आधी ती टिक टिक नीट ऐका," ताई मध्ये पडल्या. "ही गाडीच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांची आहे. धुक्यात दिवे लावलेत सगळ्यांनी. माझ्या पुलावरच्यांनीसुद्धा. म्हणजे कुठल्यातरी गाडीतला सेट आहे, एवढंच कळतं."

"काकू," पुतणीनं आपल्या कानावरचा हेडफोन जरा बाजूला केला, "बाबा आमच्या चॅनेलवर आलेत, हातातल्या सेटवरून. विचारतायत, मुख्य चॅनेलवर सगळे गप्प का बसलेत?"

"सांग त्यांना, गप्प कुणी नाही, चॅनेल अडकलाय. चालत घळीत जाता येईल का विचार."

पुतणीनं विचारलं. उत्तर आलं की येईल, पण वाट उतरून तिथं पोचेपर्यंत मुलं निघून गेलेली असतील. तरी निघतो. गुडघा दुखतोय, पण निघतो.

"नको म्हणावं. तिथंच थांबा." बाईंनी भिंतीवरचा टेकडीचा नकाशा काढून टेबलावर पसरला. त्याच्या तीन कोपऱ्यांवर वजन म्हणून तिघांचे पाण्याचे पेले ठेवले आणि चौथ्या कोपऱ्यावर आपली चष्म्याची पेटी. "फॉक्स हंटच्या अँटेना कुणीकुणी आणल्यात?"

फॉक्स हंट म्हणजे लपवलेला सेट शोधायची स्पर्धा. एक खास अँटेना हातात धरून फिरवायची. जिकडे सिग्नल सगळ्यात जोरात, तिकडे तो सेट. अशी एका जागेवरून एक दिशा मिळते. ती दिशा नकाशावर रेघ म्हणून ओढता येते. पण एका रेघेवर सेट कुठं आहे ते कळत नाही, जवळ की लांब. दुसऱ्या जागेवरून दुसरी रेघ ओढली की दोन्ही जिथं छेदतात तिथं तो. तिसरी रेघ असली तर खात्रीच. स्पर्धेत मात्र प्रत्येक क्लब आपली रेघ जिवापाड लपवतो.

आज फॉक्स हंट नव्हती. तरी तिन्ही क्लबांनी त्या अँटेना आणल्याच होत्या. दुसरे आणतील म्हणून.

"माझी पुलावर आहे," ताई म्हणाल्या.

"आमची वळणावर," पुतणी म्हणाली.

डॉक्टर पेला सरकवून नकाशाचा कोपरा सरळ करू लागले.

"डॉक्टर?"

"शाळेच्या गच्चीवर," ते म्हणाले. "पण मी आधी दिशा सांगणार नाही. मी खरी सांगायची, हे ऐकून आपली खोटी जुळवायची. नको."

दुसरं कुणी असतं तर इथं तडकलं असतं. बाई दुकानात रोज माणसांना भिंगं लावून विचारतात, आता बरं दिसतंय की आधीचं? माणूस म्हणतो आता, मग म्हणतो आधीचं, मग म्हणतो पुन्हा दाखवा. त्या पुन्हा दाखवतात. चिडून कुणाची नजर सुधारत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"कुणी आधी सांगू नका," त्या म्हणाल्या. "आपापल्या चॅनेलवर आपापल्या माणसाकडून दिशा घ्या, हेडफोन लावून. बोलू नका. मग नकाशावर आपापल्या जागी पट्टी ठेवा आणि माझ्या इशाऱ्याला तिघांनी एकदम रेघ ओढा. दोघींपैकी कुणाला खोटी ओढायची असेल तर ओढा, पण मग ती बाकीच्या दोन रेघांच्या छेदातून जात नाही ते सगळ्यांना दिसेल."

"दोघी?" डॉक्टर म्हणाले. "मी धरून तीन."

"तुम्ही खोटी ओढणार नाही असं मी धरून चालले."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. मग हेडफोन चढवला.

तीन माणसं आपापल्या चॅनेलवर हळू आवाजात बोलत होती. मुख्य सेटमधली घरघर तेवढी चालू होती. बाई घड्याळ बघत नव्हत्या. त्या नकाशावरची घळ बघत होत्या, आणि घळीतून खाणीकडे जाणारी ती बारीक तुटक रेघ. सगळ्या शाळांची मुलं तिथं डबे बंद करत असतील. कुणाचा तरी डबा लागत नसेल आणि सगळे थांबले असतील. असंच होवो, असं त्यांच्या मनात आलं. एकदा तरी कुणाचं तरी झाकण हट्टी निघो.

"झालं," ताई म्हणाल्या.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

पुतणी अजून नकाशाकडेच बघत होती. तिनं पट्टी ठेवली होती, पण तिची पेन्सिल पट्टीपासून जरा लांब थबकली होती.

"बाळा?" बाईंनी हळूच विचारलं.

"वळणावरच्यांना मी दोनदा विचारलं, काकू. तेच सांगतायत."

"मग तेच ओढायचं. तयार? एक, दोन, आणि तीन."

तीन पेन्सिली सरसर फिरल्या. पुलावरून निघालेली रेघ, शाळेवरून निघालेली रेघ आणि वळणावरून निघालेली रेघ, तिन्ही माथ्यावर एकत्र आल्या. एवढ्याशा टिंबात, एक बोट ठेवलं असतं तर तिन्ही झाकल्या असत्या. टिंब पाण्याच्या टाकीवर होतं.

"बघा!" डॉक्टर उठून उभे राहिले. "मी काय म्हणत होतो! टाकी! स्टेशन क्लब!"

"बाबा असं करणार नाहीत," पुतणी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आणि बाबांना तर घरघर ऐकूही येत नाहीये. तेच तर विचारत होते, सगळे गप्प का."

बाईंनी टेबलावर थाप मारली. पेले हिंदकळले.

"अगं, तेच! मला मघाशीच कळायला हवं होतं. डॉक्टर, खाली बसा. आपल्या सगळ्यांना घरघर ऐकू येतेय. ज्याला ऐकू येत नाही तो कोण? जो बोलतोय तो. सेट बोलत असला की त्याचे कान बंद असतात. पुलावर ऐकू येतेय, वळणावर येतेय, इथं येतेय. एका भावजींना तेवढं सगळं गप्प वाटतंय. त्यांनी मुद्दाम केलं असतं तर असं विचारलं असतं का?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांच्या दातांत रोज डोकावणाऱ्या माणसाला आपलं तोंड कधी मिटावं एवढं तरी कळतंच.

बाईंनी पुतणीचा माईक हातात घेतला. "भावजी, वहिनी बोलतेय. गाडीत जा आणि माईक कशाखाली आहे ते बघा."

"माईक? तो सीटवर टाकलाय मी, मघाचा निरोप दिला आणि... थांबा." दार उघडल्याचा आवाज आला. मग व्यायामशाळेतल्या मुख्य सेटमधली घरघर अशी तुटली जशी कुणी कात्रीनं कापावी.

"बॅटरी," भावजी पुटपुटले. "जादा बॅटरी ठेवली होती त्याच्यावर. वहिनी, मी..."

"नंतर. मुख्य चॅनेलवर या. घळीला बोलवा. मुलं निघाली का विचारा. आत्ता."

मुख्य चॅनेलवर भावजींचा आवाज आला, भरभर, पण नीट. घळीतून काय उत्तर येतंय ते इथं ऐकू येत नव्हतं. तिघं टेबलावर ओणवे झाले होते. ताईंनी डॉक्टरांचं मनगट कधी धरलं ते दोघांनाही कळलं नाही.

"कंट्रोल, टाकी," भावजी म्हणाले. "पहिली रांग उभी राहिली होती. दप्तरं पाठीला लावून. त्यांना बसवलंय. सगळीच्या सगळी घळीतच आहेत. ओव्हर."

"माघारी टाकीकडे आणा, हात धरून, दोघादोघांनी. ओव्हर," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात हलला नाही. मग त्यांनी माईक खाली ठेवला आणि पदराने चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

भावजी पुन्हा आले. या वेळी ते कंट्रोलला म्हणाले नाहीत, वहिनीला म्हणाले. "माझ्या हातून झालंय. इथं दुसऱ्या कुणाला तरी बसवा. मी सेट बंद करतो."

हे सगळं मुख्य चॅनेलवर, सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं. डॉक्टरांच्या ओठांवर वाक्य आलेलं बाईंना दिसलं. ते वाक्य त्यांनी बाहेर पडू दिलं नाही.

"डॉक्टर, एक सांगा. बटण फार वेळ दाबलेलं राहिलं तर सेटनं आपोआप गप्प बसावं अशी सोय असते प्रत्येकात. तुमच्या गाडीतल्या सेटमध्ये ती चालू आहे?"

डॉक्टर नकाशाकडे बघायला लागले.

"स्पर्धेत मध्येच सेट गप्प बसला तर पॉइंट जातात," ते म्हणाले. "बंद करून ठेवलीय."

"माझीपण बंद," ताई म्हणाल्या. "सगळ्यांचीच असते. कोण कबूल करतंय एवढाच प्रश्न."

"म्हणजे आज टाकीवर कुणीही असतं तरी हेच झालं असतं," बाई म्हणाल्या. "आणि पर्यायी चॅनेल आधी ठरला असता तर इतका जीव टांगणीला लागला नसता. ते माझं राहिलं, तुमचं नाही. मी 'नंतर बघू' म्हटलं, मी ते बघायला हवं होतं. आता मी विचारणार नाही, सांगते. कालवा क्लबाचा चॅनेल टेकडीवर सगळ्यात स्वच्छ ऐकू येतो. आजपासून पर्यायी तोच. ताई, नंबर सांगा, मोठ्याने."

ताईंनी नंबर सांगितला. त्यांनी इतक्या वर्षांत तो कधी कुणाला सांगितला नव्हता. सांगून झाल्यावर त्यांनी जरा इकडेतिकडे बघितलं, काही पडलं-बिडलं का अशा नजरेनं.

"हा? हा तर आम्हाला केव्हाच माहीत होता," पुतणी म्हणाली.

"आम्हालाही," डॉक्टर म्हणाले.

"मेल्यांनो!" ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी हात पुढं केला आणि मुख्य चॅनेलचा माईक मागितला. बाईंनी क्षणभर विचार केला आणि दिला.

"टाकी, टेकडी क्लब बोलतोय." डॉक्टरांनी घसा खाकरला. "माझा माणूस मुलांना घेऊन तुमच्याकडे येतोय. धुक्यात त्याला टाकी दिसणार नाही. गाडीचे दिवे लावून ठेवा आणि हॉर्न वाजवत राहा, म्हणजे त्याला आवाजावरून येता येईल. आणि निरोप तुम्हीच द्या. तिथून तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. सेट बंद करायचा नाही. ओव्हर."

मग भावजी म्हणाले, "टाकीनं घेतलं. डॉक्टर, हॉर्न जरा बसका आहे. चालेल?"

"चालेल. मुलांना हसायला होईल. ओव्हर."

त्यानंतरचं काम सरळ होतं, म्हणजे कष्टाचं होतं पण गुंत्याचं नव्हतं. घळीतली मुलं टाकीशी आली, तिथं मोजली, वळणावर मोजली, पुलावर मोजली. प्रत्येक ठाणं आपला आकडा सांगे आणि पुढचं ठाणं तोच आकडा परत म्हणून दाखवी, कुठल्या क्लबाचं आहे हे न विचारता. बाईंनी पुतणीला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः एक हातसेट घेऊन बाहेर फाटकाशी गेल्या. धुकं आता शाळेच्या मैदानापर्यंत उतरलं होतं. आधी नुसता कलकलाट ऐकू आला, मग पिवळ्या टोप्या दिसल्या, मग मुलं. कुणी गात होती, कुणी बसक्या हॉर्नची नक्कल करत होती. सगळ्यात मागं कंपाउंडर, आणि त्याच्या पाठीवर बूट तुटलेला एक छोटा मुलगा. त्याच्याही मागं दिवे लावलेली भावजींची गाडी, मुलांच्या चालीनं चाललेली.

शिक्षकांनी मुलं मोजली. पुन्हा मोजली. बाईंकडे बघून मान हलवली.

बाईंनी हातसेटचं बटण दाबलं. "सगळी मुलं शाळेत पोचली. तिन्ही क्लब, ऐकू आलं का? ओव्हर."

तिन्ही क्लबांनी एकाच वेळी उत्तर दिलं. तिघांचे आवाज एकमेकांवर चढले आणि सेटमधून नुसती कर्कश किंकाळी आली. फाटकाशी उभ्या मुलांनी कान झाकले.

बाई हसल्या. "एकेकानं," त्या म्हणाल्या. "आधी टाकी."